जुनी टोपीदार रिव्हॉल्वर किंवा मातीतनं निघालेली बंदूक हाती आली तर काय करायचं

नाशिकमधे वाडे पाडायचं काम जोरात चाललंय, माळ्यावरच्या पेटीतनं टोपीदार रिव्हॉल्वर (काडतुसाऐवजी छोट्या टोपीच्या ठिणगीने दारू पेटवणारी) निघते, नाहीतर शेतात नांगराला गंजकी नळी लागते, आणि लोक लगेच पॉलिश पेपर घेऊन बसतात. प्लीज असं करू नका, आधी ती भरलेली आहे का बघा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. सिलिंडरच्या (दारूगोळा भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या) मागे निपलवर, म्हणजे टोपी बसवायच्या बारीक नळीवर, तांब्याच्या टोप्या आहेत का ते बाजूनेच बघायचं, नळीसमोर तोंड न्यायचं नाही, घोडा (टोपीवर आपटणारा भाग) ओढायचा नाही, आणि शंका आली तर जागेवर ठेवून सरळ 112 ला फोन.

मग कागद. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मधे जुन्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही उडणार नाही अशांनाच. 2020 मधे केंद्राने क्युरिओ (संग्रहात ठेवायच्या दुर्मिळ वस्तू) प्रकारातली छोटी शस्त्रं विनापरवाना ठेवायला मुभा दिली, तरी वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच. आपलं हत्यार यात बसतं का हे विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर सोडू नका, शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय, तिथून लेखी घ्या. जमिनीतनं निघालेल्या वस्तूला 1878 चा निखात निधी कायदा लागतो, दहा रुपयांच्या वर किंमत असली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. आणि साल्हेरसारख्या संरक्षित किल्ल्यावर मेटल डिटेक्टर घेऊन खणणं हा गुन्हा आहे, शौक नाही.

ओळखायची खरी मजा पुढे आहे. 1851 च्या लंडन प्रदर्शनात अमेरिकन कोल्ट आणि इंग्लिश अ‍ॅडम्स या दोन्ही रिव्हॉल्वर मांडल्या होत्या. कोल्टच्या नेव्ही मॉडेलला सिलिंडरच्या वर पट्टी नसते, नळी आडव्या पाचरीने बसवलेली असते, दरवेळी घोडा अंगठ्याने ओढावा लागतो, आणि सिलिंडरवर जहाजांची लढाई कोरलेली असते (झिजलेली असली तरी तिरप्या उजेडात दिसते). पहिल्या अ‍ॅडम्सची फ्रेम आणि नळी अखंड, घोड्याला अंगठा ठेवायला शेपूटच नाही, नुसता चाप ओढायचा. 1856 ची बोमाँट-अ‍ॅडम्स दोन्ही पद्धतीने चालते. इंग्लिश बनावटीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमचे प्रूफचे (चाचणीत टिकल्याचे) शिक्के शोधा, नळीवर आणि सिलिंडरवर.

हे शिक्के केसाएवढ्या खोलीचे असतात, म्हणून तर तारेचा ब्रश, लिंबू, अ‍ॅसिड यांना माझा ठाम विरोध. मातीतल्या लोखंडावर सुकल्यावर नारिंगी थेंब फुटत असतील तर आत क्षार शिरलेत, ते काम संवर्धन करणाऱ्या माणसाचंच. तोवर मऊ ब्रशने सुटी माती झाडा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि पावसाळ्यात जेल बदलत राहा. ज्या फडक्यात गुंडाळलेली होती तेही टाकू नका, आणि शेतात सापडली असेल तर गट नंबर, खोली, शेजारी काय निघालं ते त्याच दिवशी लिहा, फोटोत मापासाठी मोजपट्टी ठेवा.