डाव्या पानावर वचन, उजव्या पानावर तारीख

हिशेब तपासण्यात माझी 31 वर्षं गेली. पावती दाखवा, मगच नोंद. ऑफिसात एवढी शिस्त; पण घरी बायबल उघडलं आणि एखादी ओळ मनाला भिडली, की ती मी सरळ स्वतःच्या खात्यावर जमा करून टाकायचे. कोणी दिली, कोणाला दिली, कशाच्या संदर्भात दिली, काही बघायचं नाही.

एका वर्षी बढतीची यादी लागायची होती. यिर्मया 29:11 मी कार्डावर सुबक अक्षरात लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवलं. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, आशा देणारे आहेत, हेच ते वचन. यादी लागली. माझं नाव नव्हतं. कार्ड फाडायचं धाडस झालं नाही, पण मी ते पालथं करून ठेवलं. कित्येक महिने ते तसंच पालथं होतं.

पुढे एकदा तोच अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला आणि स्वतःचीच लाज वाटली. ते यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे. अकराव्या वचनाच्या अगदी वरच्या ओळीत, दहाव्यात, मुदत दिली आहे: 70 वर्षं. तोवर काय करायचं, तर घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेलं त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगत होता. लोकांना कोणाचं म्हणणं आवडलं असेल हे सांगायला नको. मला यिर्मयाचं वचन हवं होतं, पण हनन्याच्या मुदतीत.

म्हणून पहिलं काम हे करा. एक साधी वही घ्या. डाव्या पानावर वचन उतरवा, पण त्याआधी तो अख्खा अध्याय दोनदा वाचा. मग वचनाखाली चार गोष्टी लिहा: हे कोण कोणाला म्हणालं, त्या वेळी त्यांची परिस्थिती काय होती, ऐकणाऱ्याने काही करायचं आहे का, आणि नेमकं काय देऊ केलं आहे. शेवटच्या मुद्द्याशी थोडं थांबा. देव माझी सर्व गरज पुरवील हे वचन आपल्या सगळ्यांचं आवडतं. पण फिलिप्पैकरांस पत्रातल्या चौथ्या अध्यायात ते वाचा. स्वतः बेड्यांत असलेला प्रेषित पौल ते लिहितो आहे, आणि ज्यांना लिहितो आहे त्यांनी नुकतीच एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली आहे. शब्द ‘गरज’ आहे, ‘हौस’ नाही. मागच्याच ओळींमध्ये तो सांगतो की भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्ही प्रकारे राहायला मी शिकलो आहे. एवढं कळल्यावर वचन लहान होत नाही, उलट त्याच्यावर पूर्ण भार टाकता येतो.

इथे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणी ना कोणी विचारतंच, “मग जुन्या करारातली वचनं आपली नाहीतच का?” आहेत. देवाची जितकी वचनं आहेत त्यांना ख्रिस्तात ‘होय’ आहे असं दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात लिहिलं आहे. पण ‘ख्रिस्तात’ हा शब्द गाळून उरलेलं वाक्य घेऊन पळायचं नाही. बाबेलची 70 वर्षं माझी नाहीत. 70 वर्षं आपल्या लोकांना न विसरणारा देव मात्र माझाच आहे.

उजवं पान तारखेसाठी. आज मला याची गरज का वाटली, कोणासाठी प्रार्थना करते आहे, हे एका ओळीत. पुढे काही घडलं तर त्याची तारीख, काही घडलं नाही तर तेही. ‘अजून काही नाही’ असं लिहायला मी घाबरत होते. तसं लिहिणं म्हणजे अविश्वास, असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. स्तोत्रसंहितेत ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ हा प्रश्न किती वेळा येतो ते बघा, म्हणजे भीती जाईल.

आता माझ्या वहीतलं सगळ्यात जुनं पान. धाकट्या भावाला दारू लागली तेव्हा मी प्रेषितांची कृत्ये 16:31 धरलं: प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझं व तुझ्या घराण्याचं तारण होईल. चौदा वर्षं मी हे वचन देवासमोर पावतीसारखं नाचवलं. उपास केले, रात्रीच्या प्रार्थना केल्या. वहीची पद्धत लागल्यावर पुढची ओळ वाचली. बत्तिसावं वचन सांगतं की पौल आणि त्याचा सोबती सीला यांनी, ज्या तुरुंगात त्यांना कोंडलं होतं त्याच्या अधिकाऱ्याला आणि त्याच्या घरातल्या सगळ्यांना प्रभूचं वचन सांगितलं. मध्यरात्र, भूकंप नुकताच झालेला, दोघांच्या अंगावर फटक्यांचे वळ, आणि तरी घरातल्या प्रत्येकाशी बोलणं झालं. मी चौदा वर्षांत भावाबद्दल देवाशी बोलले होते, मंडळीतल्या भगिनींशी बोलले होते, त्याच्या बायकोशी तर तासन् तास बोलले होते. त्याच्याशी नीट एकदाही नाही. म्हणजे भाषणं दिली होती, पण सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, सांगितली नव्हती.

मी ठरवलं की आता बोलायचं. आणि ठरवलं त्याच आठवड्यात विरोध सुरू झाला.

सावध राहा, ‘विरोध’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. बस चुकली, सैतान. डोकं दुखलं, सैतान. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलं की तुमच्याकडे यायची आमची इच्छा होती पण सैतानाने अडवलं. त्याच पौलाला बिथुनिया प्रांतात जायचं होतं तेव्हा येशूच्या आत्म्याने जाऊ दिलं नाही. बंद दार दोन्हीकडे होतं, बंद करणारा वेगळा. म्हणून अडथळा आला की लगेच आरडाओरडा न करता मी दोन गोष्टी तपासते. यातला किती भाग माझ्याच चुकीचा आहे? आणि हा अडथळा मला कुठे ढकलतो आहे, देवाकडे की देवापासून दूर? अडथळ्यामुळे मी प्रार्थनेत गुडघ्यांवर आले तर तो कोणाकडून आला हा प्रश्न थोडा मागे ठेवला तरी चालतो.

शरीरही तपासा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा, ईजबेल राणीच्या एका निरोपाने झुडपाखाली जाऊन मरण मागू लागला. देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, मन काळवंडलेलं असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडे जा. गोळी घेणं म्हणजे विश्वास सोडणं, असं सांगणाऱ्यांचं मी अजिबात ऐकत नाही आणि तुम्हीही ऐकू नका.

खरा विरोध कसा असतो हे शिकायचं तर नहेम्याचं पुस्तक काढा, चौथा ते सहावा अध्याय. नहेम्याच्या पुढाकाराने यरुशलेमेचा पडका कोट 52 दिवसांत बांधून झाला. त्या 52 दिवसांत वैऱ्यांनी काय काय केलं ते बघा. आधी थट्टा: या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती पडेल. मग हल्ल्याची धमकी. मध्येच पाचव्या अध्यायात घरातलीच भानगड, आपलेच लोक आपल्याच गरीब भावांकडून व्याज उकळत आहेत. मग गोड आमंत्रण: ओनोच्या मैदानात भेटू या. एकदा नाही, चार वेळा. पाचव्यांदा उघडं पत्र, म्हणजे वाटेत सगळ्यांनी वाचावं अशी अफवा. आणि शेवटी पैसे चारून उभा केलेला शमाया संदेष्टा, देवाचं नाव घेऊन सांगतो की मंदिरात लपून बस. प्रत्येक वेळी रूप वेगळं, पण मागणी एकच: काम खाली ठेव. नहेम्याचं उत्तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. मी मोठ्या कामात गुंतलो आहे, मला खाली येता येत नाही. आणि त्याची पद्धतही घ्या: त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि पहारा बसवला. दोन्ही.

माझ्याकडे विरोध आमंत्रणासारखा आला. ज्या रविवारी भावाला फोन करायचा, त्याच रविवारी दर वेळी काहीतरी चांगलं, अगदी मंडळीचंच काम निघायचं. तीन रविवार असे गेल्यावर माझ्या लक्षात आलं. चौथ्या रविवारी फोन केला. “ताई, भाषण देणार असशील तर मी ठेवतो,” एवढं बोलून त्याने ठेवलाच. रात्री त्याचा लांबलचक मेसेज आला. त्यात जुन्या सगळ्या गोष्टी होत्या आणि, खोटं कशाला बोलू, निम्म्या खऱ्या होत्या.

तेव्हा मला यहूदाचा राजा हिज्कीया आठवला. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र त्याने परमेश्वराच्या मंदिरात नेऊन देवापुढे पसरलं. मी मोबाइल उघडाच पलंगावर ठेवला, मेसेज वर दिसेल असा, आणि खाली गुडघे टेकले. “प्रभू, हे तू वाच.” ज्या निम्म्या गोष्टी खऱ्या होत्या त्या एकेक करून कबूल केल्या. हिज्कीयाच्या प्रार्थनेनंतर त्या रात्री शत्रूच्या छावणीत एक लाख पंच्याऐंशी हजार पडले. माझ्याकडे एवढंच झालं की मोबाइलची बॅटरी संपली आणि मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मात्र डोक्यात आवाज सुरू: तू कोण त्याला सांगणारी? बाहेरच्या विरोधापेक्षा हा जास्त चावतो. इथे मत्तयचा चौथा अध्याय कामाला येतो. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली, ‘हा माझा प्रिय पुत्र’. लगेच पुढे अरण्यात सैतानाचं पहिलं वाक्य काय? ‘तू देवाचा पुत्र असलास तर...’ देव जे नुकतंच बोलला तिथेच घाव. येशूने तिन्ही वेळा ‘असा शास्त्रलेख आहे’ म्हणत जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं, सहाव्या आणि आठव्या अध्यायातलं, वचन वापरलं. पण मधल्या वेळी सैतानानेही वचनच वापरलं होतं, स्तोत्र 91! म्हणून तर मी आधी संदर्भ वाचण्याचा एवढा आग्रह धरते. संदर्भाशिवाय वचन कोणाच्याही हाती चालतं.

तुम्हीही असंच करा. आवाज सुरू झाला की त्याच्याशी वाद घालू नका. एक वचन, अर्थ कळलेलं, स्पष्ट उच्चारून म्हणा आणि हातातलं काम पुढे चालू ठेवा. याकोबाच्या पत्रातला क्रमही सोडू नका: आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला अडवा. प्रार्थनासभेत अर्धा तास सैतानाला ‘बांधतो’ असं ओरडण्यात जातो आणि देवाला दोन मिनिटं मिळतात, हे मला पटत नाही. यहूदाच्या पत्रात आद्यदूत मीखाएलसुद्धा सैतानाशी वाद घालताना ‘प्रभू तुला धमकावो’ एवढंच म्हणून थांबतो.

इफिसकरांस पत्रातल्या शस्त्रसामग्रीवर पुष्कळ उपदेश झाले आहेत, म्हणून एकच सांगते. तिथल्या ढालीचा मूळ ग्रीक शब्द ‘दार’ या शब्दावरून आला आहे. दारासारखी मोठी ढाल, शेजारच्याच्या ढालीला भिडवून धरायची. सैतानाचे जळते बाण एकट्याने झेलायचे नाहीत. माझी एक मैत्रीण आहे. तिला मी फक्त ‘आज बाण’ असा मेसेज करते. ती काही विचारत नाही, प्रार्थना करते. असं एक माणूस शोधा, जे बातमी पुढे नेणार नाही. शोधायला वेळ लागतो, मला दोन चुकीची माणसं आधी भेटली.

आणि थांबणं. देवाच्या वचनावर अब्राहाम घर सोडून निघाला तेव्हा 75 वर्षांचा, वचनातला मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 वर्षांचा. मध्ये 86 व्या वर्षी दासीपासून झालेला इश्माएल, म्हणजे देवाला उशीर होतोय म्हणून घरच्या घरी केलेली सोय. माझीही एक झाली: भावाला खोटं सांगून मी एका सभेला नेलं होतं. तो अर्ध्यातून उठून गेला आणि पुढचं वर्षभर बोलला नाही. ते पानही वहीत आहे.

आता तो दर रविवारी संध्याकाळी स्वतःहून फोन करतो. दारू सुटलेली नाही. मी त्याला तुरुंगाच्या अधिकाऱ्याची गोष्ट पूर्ण सांगितली, भूकंपापासून जखमा धुण्यापर्यंत. मागच्या रविवारी त्याने विचारलं, “ताई, त्या माणसाचं पुढे काय झालं?”

“लिहिलेलं नाही,” मी म्हटलं.

“मग तो टिकला हे तुला कसं माहीत?”

मी म्हटलं, विचार करून सांगते. उजव्या पानावर तारीख घातली आणि त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवून घेतला.