सोलेनॉइड व्हॉल्व बदलताय? आधी तेल बघा, मृग तोंडावर आलाय

लिफ्ट उचलत नाही, किंवा उचलली की आपोआप खाली बसते, ही तक्रार दरवर्षी वापसा आल्यावरच ऐकू येते, मे महिन्यात कुणी बघत नाही. सोयाबीन 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावर पेरा, बी 3-4 सेंमीच्या खाली टाकू नका, असं विद्यापीठ सांगतं. पण लिफ्टच ऐकत नसेल तर पेरणी यंत्र कुठं खोल कुठं वर चालतं, खोल गेलेलं बी काळ्या जमिनीत पपडी धरली की वर येतच नाही, आणि दुबार पेरणीचं बियाणं परत उधारीवर.

हे इलेक्ट्रॉनिक लिफ्टच्या ट्रॅक्टरबद्दल आणि लेझर लेव्हलरबद्दल चाललंय. सोलेनॉइड व्हॉल्व म्हणजे विजेच्या कॉइलनं तेलाची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व; साध्या लिव्हरच्या लिफ्टला तो नसतो, पण तेलाचं जे खाली लिहिलंय ते तिलाही लागू.

व्हॉल्व मरतो तो बहुतेक वेळा मातीनं. गावात एकच डंपिंग ट्रॉली चार ट्रॅक्टरला फिरते, पाइपाचं कपलर धुळीत लोळतं, टोपण केव्हाच हरवलेलं, आणि तसंच न पुसता खटकन लावतात. ट्रॉली खाली येताना तिच्या जॅकमधलं तेल परत येतं ते फिल्टरच्या आधी व्हॉल्वमधून जातं, म्हणजे पहिला कचरा त्यालाच. वर सर्व्हिसिंगला प्रेशरनं पाणी मारतात ते ब्रीदरमधून (टाकीच्या हवेच्या भोकातून) आत. डिपस्टिकवर तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी गेलंय, मग नवा व्हॉल्व टाकून काही उपयोग नाही, तोही अडकणार.

दुकानदार लगेच म्हणेल अख्खा ब्लॉक (सगळे व्हॉल्व बसवलेला ठोकळा) बदला. थांबा. आधी हे बघा:
- फ्यूज, रिले, अर्थिंगची वायर (उंदीर कुरतडतात)
- कनेक्टरमध्ये हिरवा गंज
- बटण दाबल्यावर कनेक्टरला 12 व्होल्ट येतात का
- कॉइलचा ओहम: 12 व्होल्टच्या कॉइलला बहुधा 5 ते 10, नेमका आकडा मॅन्युअलात. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय

मीटर नसेल तर बटण दाबलेलं ठेवून कॉइलच्या नटाजवळ पेचकस धरा, ओढला तर कॉइल जिवंत. शेजारची कॉइल सारखीच असेल तर अदलाबदल करून बघा, दोष तिच्याबरोबर सरकला की समजलं, नुसती कॉइल आणा, ब्लॉक नको. कॉइल ओढतेय तरी काम नाही म्हणजे आतला स्पूल (सरकणारा दांडा) अडकलाय, माझा अंदाज असा की यातले बरेच नुसते स्वच्छ डिझेलमध्ये धुतले तरी चालू होतात. प्लास्टिकच्या काडीनं हळू दाबा, स्प्रिंगनं परत आला तर ठीक, खिळा घालू नका.

बदलायचाच असेल तर:
- अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, लिव्हर दोन्हीकडे हलवून प्रेशर सोडा
- बॅटरीची निगेटिव्ह काढा
- व्हॉल्वभोवतीची माती ब्रशनं, मग डिझेलच्या फडक्यानं साफ
- कॉइल काढा, कार्ट्रिज (आट्यांनी बसवलेला व्हॉल्वचा भाग, स्पूल यातच असतो) काढा, भोक लगेच स्वच्छ कापडानं झाका
- नव्याच्या ओ-रिंगला तेल लावा, हातानं आटे बसवा
- कार्ट्रिज मॅन्युअलातल्या टॉर्कनं, कॉइलचा नट अगदी हलका (जास्त आवळला की नळी दबते आणि नवाच अडकतो)
- फिल्टर बदला, तेल खराब असेल तर तेही
- कमी रेसवर लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली, मग तेल परत तपासा

तेल मॅन्युअलात लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या, त्यात घालायच्या भारी किमतीच्या बाटल्या मिळतात त्यांनी माती निघत नाही, तेच पैसे फिल्टरला आणि कपलरच्या टोपणांना घाला. टोपण नसेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी रबरानं बांधा, तेवढंही पुरतं. आणि दुसऱ्याची ट्रॉली लावण्याआधी दोन्ही कपलर पुसा, मालक समोर उभा असला तरी पुसा, राग आला तर येऊ दे.

गळती शोधायला बोट फिरवू नका, दाबातलं तेल कातडीतून आत घुसतं, त्याला पुठ्ठा धरा. तसं झालंच तर जखम बारीक दिसली तरी घरी हळद लावत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

जुना व्हॉल्व दुकानात सोडून येऊ नका, त्याची कॉइल चांगली असेल तर काढून डब्यात ठेवा, ऐन पेरणीत तालुक्याला पार्ट मिळेलच असं नाही.