सर्बियातलं डोंगरी गाव कसं वाचावं

पश्चिम सर्बियातल्या एखाद्या डोंगरी गावाचा भूगोल-इतिहास काढायला निघालेला माणूस बहुतेकदा एकच चूक करतो. नकाशावर जिथे नाव छापलंय तिथे जातो, चर्च, शाळा आणि दुकान बघतो, आणि गाव पाहिलं असं समजतो. ते फक्त गावाचं केंद्र. खरं गाव उतारांवर विखुरलेल्या वाड्यांमध्ये असतं. अशा वाडीला तिथे ‘झासेलाक’ म्हणतात, आणि पुष्कळदा तिचं नाव तिथल्या कुळाच्या आडनावावरूनच पडलेलं असतं. त्यामुळे अभ्यास वाडीवार करायचा.

इथे उदाहरणाला सिरोगोय्नो घेऊ. हे गाव झ्लातिबोर पठाराच्या पूर्व भागात, चायेतिना नगरपालिकेच्या हद्दीत, झ्लातिबोर या पर्यटन-गावापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे.

सुरुवात १:२५,००० च्या लष्करी नकाशाने करा. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये १० मीटरचा फरक. प्रत्येक वाडीची उंची, उताराची दिशा आणि जवळचा झरा एका तक्त्यात मांडा. जुना ऑस्ट्रियन १:७५,००० नकाशा सोबत ठेवलात तर रेखांश जपून वाचा. ते ग्रीनिचपासून नव्हे, फेरो बेटापासून मोजलेले असतात. त्यातून १७°४०′ वजा करा. सिरोगोय्नो ग्रीनिचच्या हिशोबाने २० अंशांच्या किंचित अलीकडे आहे, पण त्या नकाशावर ते साडेसदतीसच्या आसपास दिसेल. हे विसरणारा माणूस काळ्या समुद्रात पोचतो.

मग खडक बघा. झ्लातिबोरच्या मुख्य पठारावर सर्पेंटाइन आहे, तिथली माती पातळ, म्हणून गवत आणि पाइन. सिरोगोय्नोच्या बाजूला चुनखडी लागते आणि सगळं बदलतं. पाणी वर टिकत नाही, पोनोर नावाच्या भोकातून जमिनीत शिरतं आणि खाली कुठेतरी व्रेलो, म्हणजे मोठा झरा, होऊन बाहेर येतं. जवळची स्तोपिचा गुहा (७११ मीटर उंचीवर) याचा उत्तम नमुना. तिच्यातून ओढा वाहतो आणि चुन्याचे थर साचून पायऱ्यापायऱ्यांची कुंडं तयार झाली आहेत. चुनखडीत वाटीसारखे खळगे पडतात, त्यांना व्र्ताचा म्हणतात. धुपून आलेली माती त्यांच्या तळाशी साठते, म्हणून शेताचे तुकडे तिथे आणि घरं कडेला. उपग्रहचित्रात हे गोल हिरवे ठिपके बघून कोणी त्यांना तळी समजू नये.

आता नावं. माझ्या मते सगळ्यात जास्त माल इथेच मिळतो आणि लोक इथेच घाई करतात. प्रिसोये म्हणजे उन्हाची बाजू, ओसोये म्हणजे सावलीची. घरं सहसा पहिलीवर, जंगल दुसरीवर. क्र्चेविना म्हणजे झाडं तोडून काढलेली जमीन. सेलिश्ते म्हणजे जिथे पूर्वी वस्ती होती ती जागा, त्स्र्क्विना म्हणजे पडक्या चर्चची जागा, कातून म्हणजे धनगरी वस्ती. ‘ग्र्च्को ग्रोब्ल्ये’, म्हणजे ‘ग्रीक स्मशान’, या नावाने मात्र फसू नका. ग्रीकांशी संबंध नसतो, मध्ययुगीन दगडी थडग्यांना नंतर आलेल्या लोकांनी दिलेलं ते नाव. प्रियेपोल्येजवळच्या ह्र्ता गावचं असं स्मशान २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. अशा नावावरून एवढंच कळतं, की थडगी बांधणारे आणि नाव देणारे यांच्यात ओळखीचा धागा तुटला होता. तो तुटण्याचं एक मोठं कारण स्थलांतर. १७व्या-१८व्या शतकांत हर्झेगोविना आणि माँटेनेग्रोकडून बरीच कुळं इकडे आली.

कुळ ओळखायला आडनाव पुरत नाही, ‘स्लावा’ विचारा. प्रत्येक घराण्याचा एक संरक्षक संत असतो आणि त्याचा दिवस बापाकडून मुलाकडे जातो. आडनावं वेगळी पण वाडी आणि स्लावा एकच, तर मूळ एक असण्याची शक्यता तपासा. निकोल्यदान (संत निकोलसचा दिवस, १९ डिसेंबर) इतक्या घरांत असतो, की नुसत्या त्यावरून काही ठरवू नका. आणि ‘पूर्वजाने तुर्काला मारलं आणि पळून आला’ ही कथा गावोगाव ऐकू येते. नोंदवून घ्या, पुरावा म्हणून वापरू नका.

घरांसाठी सिरोगोय्नोचं ‘स्तारो सेलो’ हे खुलं संग्रहालय बघा, पण एक ध्यानात ठेवून. तिथली घरं झ्लातिबोरच्या वेगवेगळ्या गावांतून उचलून आणली आहेत. घर खरं, घरांमधली अंतरं खरी नव्हेत. वस्तीची रचना त्यावरून काढलीत तर चुकाल. ओंडक्यांचं घर म्हणजे ब्र्व्नारा. त्याचं छप्पर उभट असतं, बर्फ घसरावं म्हणून. आत चुलीची मोठी खोली, धूर छपरातल्या झरोक्यातून बाहेर. अंगणात ‘वायात’ नावाची लहान खोपटं दिसतील. त्यांत चूल नसते, कारण वायात म्हणजे नव्या जोडप्याची निजायची खोली, जेवण सगळ्यांचं मोठ्या घरात. वायात मोजले की त्या एकत्र कुटुंबात, म्हणजे झाद्रुगात, किती लग्न झालेली जोडपी राहत असतील याचा ढोबळ अंदाज येतो.

शेवटी स्मशान आणि कागद. थडग्यावरची अक्षरं पुसट असतील तर विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका आणि फोटो घ्या. खडूने घासू नका, तारेच्या ब्रशने शेवाळ तर मुळीच काढू नका, अक्षरंच निघून येतात. जुने आकडे अक्षरांत असतात, आणि मोठी ठेच इथे लागते. आजच्या सर्बियन वर्णमालेत ‘द’ पाचवा, पण अंक म्हणून तो ४, कारण ‘ब’ला किंमतच नाही. संग्रहालयाशेजारचं पीटर-पॉल चर्च १७६४ चं. हे साल अक्षरांत लिहायचं तर हजाराच्या खुणेसह ‘अ’, मग ‘प्सी’ (७००), ‘क्सी’ (६०) आणि ‘द’ (४). साल सात हजारांच्या घरात दिसलं तर ते जगनिर्मितीपासूनचं. त्यातून ५५०८ वजा करा, सप्टेंबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५५०९.

तारखाही ज्युलियन असतात. १८व्या शतकातल्या तारखेत ११ दिवस मिळवा, १९व्या शतकातल्या तारखेत १२, त्यानंतर १३. शासनाने १९१९ मध्ये पंचांग बदललं, चर्चने नाही. म्हणून १८९५ च्या थडग्यावरचा ६ डिसेंबर म्हणजे आपला १८ डिसेंबर.

उस्मानी करनोंदवह्यांना तिथे ‘देफ्तेर’ म्हणतात, आपल्या दफ्तराचाच भाऊ. त्यांत घरं आणि कर असतात, माणसं मोजलेली नसतात. पुढे १९व्या शतकातल्या सर्बियन शिरगणत्या आणि चर्चच्या जन्म-मृत्यूच्या वह्या. १९४६ नंतर नोंदणी शासनाकडे गेली, म्हणून जुन्या वह्यांसाठी चर्च, नगरपालिका आणि उझित्सेचं अभिलेखागार अशा तिन्ही ठिकाणी विचारावं लागतं.

जनगणनेची तुलना करताना १९९१ आणि २००२ सरळ शेजारी ठेवू नका. १९९१ मध्ये परदेशी कामाला गेलेले मोजले, २००२ मध्ये वर्षाहून जास्त काळ बाहेर असलेले वगळले. गाव अचानक रिकामं झालंय असं वाटेल, पण त्यातला काही भाग फक्त व्याख्येचा आहे.