ग्रंथ लिपी वाचायला शिकायचीय? देवनागरी येत असेल तर अशी सुरुवात करा

संस्कृत म्हणजे देवनागरी असं आपल्याकडे डोक्यात फिट्ट बसलेलं असतं. पण तमिळ प्रदेशात शेकडो वर्षं संस्कृत लिहिलं गेलं ते ग्रंथ लिपीत, कारण तमिळ लिपीत ख, ग, घ अशी वेगळी अक्षरंच नाहीत, तिथे एकच क सगळ्यांचं काम करतो आणि वेद, आगम, काव्य लिहायला ते पुरत नाही. पल्लवांच्या काळापासून ही लिपी चालत आली, मल्याळम लिपी तिच्यातूनच निघाली, आणि विसाव्या शतकात छापील देवनागरी सगळीकडे पसरल्यावर ती वाचणारे कमी कमी होत गेले. पोथ्या मात्र आहेत तिथेच आहेत. पाँडिचेरीतल्या शैव हस्तलिखितांचा संग्रह २००५ साली युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड यादीत गेला, सुमारे ११,००० हस्तलिखितं, आणि त्यातली बहुतेक ताडपत्रावर ग्रंथ लिपीत. शिवाय तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय, जे आपल्या सरफोजीराजांनी वाढवलं, तिथेही मोडी कागदांसोबत ग्रंथ लिपीतल्या पोथ्या आहेत. त्यामुळे मराठी माणसाने ही लिपी शिकावी असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता शिकायचं कसं. सगळे आधी अक्षरांचा तक्ता घेऊन बसतात आणि क, ख, ग, घ पाठ करायला लागतात, ते करू नका. वर्णमाला तुम्हाला येतेच, क्रम तोच आहे, अगदी ळ सुद्धा आहे. अडचण अक्षरांच्या आकाराची कमी आणि कुठलं चिन्ह कुठे बसतं याची जास्त असते. म्हणून एखादा तोंडपाठ श्लोक घ्या आणि तोच ग्रंथ लिपीत बघा, तक्ता नुसता शेजारी असू द्या.

श्लोक कुठून आणायचा? अक्षरमुख नावाचं फुकट ऑनलाइन टूल आहे, त्यात देवनागरी मजकूर पेस्ट करायचा आणि ग्रंथ निवडायची. नुसते चौकोनी डबे दिसले तर फाँट नाहीये असं समजा, नोटो सान्स ग्रंथ किंवा नोटो सेरिफ ग्रंथ टाकून घ्या. ही लिपी युनिकोडमध्ये आली २०१४ साली, त्यामुळे जुन्या फोनवर त्रास होऊ शकतो.

मी सगळ्यांना ‘शुक्लाम्बरधरं विष्णुं’ हाच श्लोक सुचवते कारण दोन ओळींत जवळजवळ सगळं येऊन जातं. पहिल्याच शब्दात ‘क्ला’ बघा, क च्या खाली ल लटकलेला आणि काना उजवीकडे. ‘धरं’ मधला अनुस्वार डोक्यावर शोधू नका, इथे शिरोरेषाच नाही, तो अक्षराच्या उजवीकडे एक छोटं वर्तुळ होऊन बसतो. मग येतं ‘शशिवर्णं’, आणि इथे देवनागरीवाले हमखास अडकतात. आपला रफार वर जातो, इथला रफार अक्षराच्या नंतर उजवीकडे येतो, म्हणजे डोळ्याला दिसणारा क्रम असा: व, ण, रफार, वर्तुळ. वाचताना मात्र र् आधी म्हणायचा. ‘चतुर्भुजम्’ मध्ये परत रफार आहे, आणि शेवटचा म् नीट बघून ठेवा कारण पोथ्यांमध्ये शब्दाच्या शेवटचे त्, न्, म् हे पाय मोडण्याचं चिन्ह अक्षरातच मिसळून लिहिलेले असतात आणि वेगळंच अक्षर आहे असं वाटतं.

दुसऱ्या ओळीत, म्हणजे ‘प्रसन्नवदनं ध्यायेत् सर्वविघ्नोपशान्तये’ मध्ये, ‘ध्यायेत्’ येतं. ए ची मात्रा अक्षराच्या डावीकडे, म्हणजे आधी मात्रा दिसते आणि मग य. ऐ असेल तर तशा दोन. ओ मध्ये तर अक्षर मधोमध सापडतं, ‘विघ्नो’ मधला घ्नो बघा, आधी डावीकडे मात्रा, मग घ आणि त्याच्या खाली न, मग उजवीकडे काना. आपण ऱ्हस्व वेलांटी आधी काढतो आणि उच्चार नंतर करतो ना, तीच सवय इथे ए आणि ओ साठी लावायची, आणि गंमत म्हणजे इथली वेलांटी आधी येत नाही, ती वरच्या अंगाला उजवीकडे वळते. हा एक श्लोक न अडखळता वाचता आला की निम्मं काम झालं असं खुशाल समजा.

मग सारखी दिसणारी अक्षरं जोडीने घोटा. थ आणि ध, प आणि ष, प आणि व, या जोड्या सुरुवातीला फार छळतात, त्या वेगवेगळ्या शब्दांत लिहून बघा, नुसतं बघून लक्षात राहत नाही. ज्यांना मल्याळम येतं त्यांना बरीच अक्षरं ओळखीची वाटतील, आणि तमिळ पाट्यांवर जे ज, ष, स, ह, क्ष दिसतात ते मुळात ग्रंथ लिपीतूनच घेतलेले आहेत, तेवढी सुरुवात फुकटात होते.

यानंतर लगेच ताडपत्रावर उडी मारू नका, मधली पायरी म्हणून ग्रंथ लिपीत छापलेली जुनी पुस्तकं वाचा, एकोणिसाव्या शतकापासूनची स्कॅन करून ठेवलेली मिळतात. छापील अक्षर एकसारखं असतं, नजर बसते. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरलेलं असतं आणि वर काजळी चोळलेली, काजळी उडाली असेल तर स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून बघावं लागतं. शब्द तोडलेले नसतात, सगळं सलग. अशा वेळी पहिलं पान उघडून ओळखीचं काहीतरी शोधायचं: ‘हरिः ओम्’, ‘शुभमस्तु’, ‘अविघ्नमस्तु’ यातलं काहीतरी बहुतेक वेळा सापडतं, आणि त्यावरून त्या लेखकाचा ह, र, श, भ, स्तु कसा आहे ते कळतं. हे नमुने वहीत काढून ठेवा, कारण प्रत्येक हात वेगळा. पानाचा आकडा डाव्या समासात असतो, तो तमिळ आकड्यांसारखा, ते आकडे आधीच शिकून घ्या नाहीतर पानं उलटीपालटी होतील.

एक सावधगिरी. तुळुनाडूकडची, म्हणजे कर्नाटकच्या किनारपट्टीकडची, तिगळारी लिपी जवळची बहीण आहे, आणि जुन्या याद्यांमध्ये तिलाही सरसकट ग्रंथ म्हटलेलं आढळतं. तक्त्याशी काहीच जुळत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका, पोथी कुठून आली ते तपासा. तसंच मध्येच न कळणारे शब्द आले तर ते मणिप्रवाळ, म्हणजे संस्कृत-तमिळ मिसळलेली भाषा, असू शकतं, त्यात संस्कृत शब्द ग्रंथ लिपीत आणि तमिळ भाग तमिळ लिपीत लिहितात, श्रीवैष्णवांच्या टीकाग्रंथांमध्ये हे भरपूर आहे.

शिलालेख सगळ्यात शेवटी, कारण पल्लव ग्रंथ लिपीचं वळण पोथीतल्यापेक्षा बरंच वेगळं आहे. पण महाबलीपुरमला जाणार असाल तर जवळच्या साळुवनकुप्पमचं अतिरणचंड मंडप चुकवू नका. तिथे एकच संस्कृत लेख एका भिंतीवर ग्रंथात आणि दुसऱ्या भिंतीवर नागरीत कोरलाय. नागरीही जुन्या वळणाची आहे, तरी आपल्याला तीच जवळची, म्हणून दोन्ही भिंतींचे फोटो ओळीओळीने काढा, बाजूने तिरका उजेड पडेल अशा वेळी, आणि घरी येऊन नागरीवरून ग्रंथ एकेक अक्षर लावत बसा.