सोलापूरकडची घरची पाककृती उतरवून घेताना

घरातल्या थोरल्या बाईकडून पाककृती लिहून घ्यायची असेल, तर तिचे शब्द आधी जसेच्या तसे लिहा. ‘त्याल सुटंस्तवर कुटायचं’ याचं वहीत ‘बारीक वाटावे’ झालं की पदार्थ कधी झाला हे ओळखायची खूणच जाते. पानावर तीन रकाने आखा: शब्द, खूण, माप. खूण म्हणजे हाताला, नाकाला, कानाला काय कळतं ते.

शेंगाच्या चटणीपासून सुरुवात करा, कारण तिच्यात खुणाच खुणा आहेत. दाणे पाव किलो, मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं. ‘खरपूस’ म्हणजे किती? चोळल्यावर साल सुटावं आणि दाणा फोडल्यावर आतून बदामी दिसावा. आत पांढरा असेल तर तो ‘कच्चट’. त्याचं तेल नीट सुटत नाही आणि चटणी भरभरीत होते. दाणे पूर्ण गार होऊ द्या. उखळात आधी १५ पाकळ्या लसूण, चमचाभर जिरं, दीड चमचा मीठ आणि तीन चमचे लाल तिखट कुटा, मग दाणे. मुठीत दाबल्यावर मुटका व्हावा आणि बोटानं टोचल्यावर फुटावा, तिथं थांबायचं. मिक्सर सलग फिरवला तर भांडं तापतं आणि चटणीचा गिचका होतो. दोन-तीन सेकंदांचे फेरे देत, मध्ये खालवर करत फिरवा. लसूण धुतला असेल तर पुसून कोरडा करा. ओल राहिली की चटणी लवकर खराब होते.

भाकरीच्या पानावर ‘इरी’ हा शब्द हवाच. काही घरांत ‘विरी’ म्हणतात. पिठाची इरी गेली म्हणजे पीठ धरून राहत नाही: थापताना कडा चिरतात, उचलताना भाकरी मोडते. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. पीठ जुनं झालं की इरी जाते, म्हणून दळण आठवड्यापुरतंच आणावं. पीठ जुनं असेल तर वाटीभर पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी घालून झाकून ठेवावं, हाताला सोसेल इतकं निवलं की रगडून मळावं. ज्वारी कोणती तेही लिहा. मालदांडी या देशी वाणाला आणि संकरित ज्वारीला पाणी सारखं लागेलच असं नाही.

‘कडक’ आणि ‘वातड’ यांत गल्लत करू नका. कडक भाकरी पातळ थापून भाजल्यावर मंद तव्यावर कापडानं दाबत ओल जाईपर्यंत वाळवतात. ती कट्कन मोडते. वाकली तर ती वातड, आत ओल आहे, आणि तशीच डब्यात भरली तर बुरशी धरते.

चवीच्या शब्दांवर उपाय अवलंबून असतो. ‘अळणी’ला मीठ हवं. ‘सपक’ला मीठ वाढवून काही होत नाही, तिथं काळं तिखट किंवा वरून फोडणी लागते. ‘आळण’ हा तिसराच प्रकार: पातळ भाजी दाट करायला लावलेलं डाळीचं पीठ. येसर म्हणजे भाजलेलं धान्य, डाळ आणि मसाल्याची पूड. आळण काय, येसर काय, आधी गार पाण्यात कालवूनच घाला. थेट उकळत्यात टाकलं की गुठळ्या होतात. ‘कोरड्यास’ वाचून कोरडी भाजी समजू नका. भाकरीबरोबर जे खायचं ते कोरड्यास, आणि कित्येक घरांत त्यात पातळ आमटीही येते. म्हणून पुढं ‘पातळ’ की ‘घट्ट’ लिहाच.

मापांचं जरा किचकट आहे. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. पण ही आकारमानाची मापं, त्यांचं सरसकट किलोत रूपांतर करू नका. एकाच मापट्यात ज्वारीचं वजन वेगळं, पिठाचं वेगळं. मूठ, चिमूट, वगराळं (दांड्याचं वाढायचं भांडं) यांना एकच उपाय: ज्यांची पाककृती त्यांनाच तीनदा घालायला सांगा, दर वेळी वजन करा, सरासरी लिहा. तुमची मूठ चालणार नाही.

शब्दापुढं तालुका लिहा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं कानडीची सरमिसळ आहे (गव्हाच्या खिरीला ‘हुग्गी’ म्हणतात), बार्शीकडं मराठवाड्याचं वळण, आणि शहरातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू शब्द. एकाच पदार्थाची दोन नावं मिळाली तर दोन्ही ठेवा.

विचारताना ‘मध्यम आच का?’ असं उत्तर तोंडात देऊ नका. ‘झालं हे कशावरून कळतं?’ एवढंच विचारा. पान पूर्ण झालं की ते घरातल्या नवख्या माणसाच्या हाती द्या आणि काही न बोलता शेजारी उभे राहा. तो जिथं थांबून विचारेल, तिथला खुणेचा रकाना रिकामा राहिला आहे.