जनावर सगळ्यात शेवटी आणा

भोरकडच्या आमच्या शेतावर रविवारी लोक येतात, मुलं गिनी पिग मांडीवर घेतात, मोठी माणसं मकाव या मोठ्या परदेशी पोपटासोबत फोटो काढतात, आणि संध्याकाळी निघताना एखादे काका हमखास बाजूला घेऊन विचारतात, "आमचीही दोन एकर पडून आहे. असंच काहीतरी काढावं म्हणतोय. हा मकाव कुठून घेतलात?" पहिला प्रश्न नेहमी मकावचाच. आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती आणि आमचं पहिलं वर्ष त्यातच वाया गेलं. म्हणून असं प्राणी हाताळायला देणारं केंद्र काढणाऱ्यांसाठी ही यादी मुद्दाम उलटी लिहितोय. प्राणी अगदी तळाशी आहेत.

कुठले प्राणी ठेवायचेच नाहीत, हे आधी ठरवा. गावात चार घरांच्या ओसरीवर हिरव्या पोपटाचा पिंजरा दिसतो, म्हणजे तो पाळायला परवानगी आहे असं मुळीच नाही. आपला पोपट, तारांकित कासव, घोरपड, अजगर हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात आणि ते बाळगणं गुन्हा आहे. केंद्र सुरू झालं की लोक आपणहून आणून देतात. "आमच्या विहिरीजवळ सापडलं, तुमच्याकडे बरं राहील," असं म्हणत गोणीतून कासव घेऊन आलेले गृहस्थ आम्ही पाहिलेत. चांगुलपणाने ठेवून घेतलं तरी गुन्हेगार आपणच. फाटकाशीच थांबवायचं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावायचा. हा क्रमांक फाटकावर रंगवून घ्या, म्हणजे वाद घालावा लागत नाही.

मग परदेशी प्राणी. इथे बहुतेक जण विक्रेत्याच्या शब्दावर विसंबतात. "एक्झॉटिक आहे, इंडियन नाही, काही लागत नाही साहेब," हे वाक्य आता जुनं झालं. ज्या प्रजाती वन्यजीवांच्या व्यापारावरच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्या २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले, आणि आता केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर प्राण्याची नोंद करावी लागते. पिल्लू झालं, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, सगळं कळवायचं. मकाव, आफ्रिकन ग्रे पोपट, बॉल पायथन हा अजगर, हिरवा इग्वाना हा मोठा सरडा, सल्काटा कासव हे सगळे यात येतात. बजी आणि कॉकटेल हे छोटे पोपट, गिनी पिग, पाळीव ससा येत नाहीत. मकावांतही फरक आहे. निळा-पिवळा परिशिष्ट दोनमध्ये आहे, तर लाल स्कार्लेट परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे जास्त कडक यादीत. आफ्रिकन ग्रेही आता एकमध्येच आहे. एकमधल्या प्राण्यांचं प्रजनन करायचं तर परवाना वेगळा. छोट्या केंद्राने परिशिष्ट एकच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या नावावरची नोंद बघा, पक्ष्याच्या पायातल्या रिंगचा नंबर त्या कागदाशी जुळतो का ते स्वतः वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला धूसर फोटो म्हणजे कागद नव्हे.

नोंदणी म्हणजे तिकीट लावायची मुभाही नव्हे. तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर प्राणी सादर करायचा म्हटलं की १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि २००१ चे सादरीकरणातल्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम लागतात. त्याचा अर्ज हरियाणातल्या बल्लभगडला, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे जातो. शिवाय प्राणिसंग्रहालयाची कायद्यातली व्याख्या बरीच ऐसपैस आहे. लोकांना दाखवण्यासाठी बंदिस्त प्राणी ठेवलेली जागा, मग ती एका ठिकाणची असो की फिरती, त्यात बसू शकते. आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय असं संग्रहालय चालवता येत नाही. तेव्हा तुम्ही काय ठेवणार आहात याची यादी जोडून प्राधिकरणाला आणि उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाला लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या. "चालतंय हो" असं तोंडी सांगणारा माणूस बदलून जातो, आपण तिथेच असतो.

जमिनीचं थोडक्यात सांगतो, कारण ते तलाठी आणि ग्रामपंचायत जास्त नीट सांगतील. सातबारा, ना हरकत दाखला, शेडची परवानगी. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, ती जरूर करा. पण ते प्रमाणपत्र राहण्या-जेवणाचं आणि शिवारफेरीचं. त्यात मकाव बसत नाही.

यानंतर डॉक्टर. तालुक्याच्या दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी गाई-म्हशींत पारंगत असतात, पण इग्वानाच्या तोंडाला फेस आला तर त्यांना बोलावून त्यांचीच पंचाईत करू नये. आमच्या सुदैवाने शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तुम्ही मुंबईच्या बाजूला असाल तर परळचं आहे. पक्षी आणि सरपटणारे प्राणी नियमित पाहणारा एक डॉक्टर, आणि तो नसेल तेव्हाचा दुसरा, दोघांशी प्राणी येण्याआधी बोलून ठेवा. रात्री फोन उचलणार का, भूल देता येते का, शेतावर यायचे किती घेणार, हे तेव्हाच विचारायचं. आम्ही विचारलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात आमचे चार गिनी पिग मागचे पाय ओढत चालायला लागले, हात लावला की किंचाळायचे. कुणी म्हणालं लकवा, कुणी म्हणालं नजर. निघालं क जीवनसत्त्वाची कमतरता. माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरातही ते तयार होत नाही, आणि विकणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे आम्ही त्यांना सशाचं कोरडं खाद्य घालत होतो. दोन वाचले. तेव्हापासून रोज पेरूची फोड, शेवग्याचा पाला, ढोबळी मिरची. खाद्याची यादी भिंतीवर लावा, आणि शेजारीच बंदीची यादीही लावा. पोपटवर्गाला अॅव्होकॅडो आणि चॉकलेट विषारी आहे, आणि लोकांच्या डब्यात काय असेल याचा भरवसा नाही.

आता पाणी. यादीतलं हे काम दिसायला सगळ्यात बिनमहत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबतो. २००९ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या गॉडस्टोन फार्मवर मुलं शेळ्यामेंढ्यांना हात लावायला जायची. तिथून ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूची लागण ९३ जणांना झाली, त्यांत बहुतेक लहान मुलं होती. तिथे अजगर-बिजगर काही नव्हतं, साधी शेतावरची जनावरं होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारा साल्मोनेला जिवाणू असतो, पोपटांपासून सिटाकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो, सशा-गिनी पिगकडून गजकर्ण येतं, आणि हे सगळे प्राणी वरून ठणठणीत दिसतात. त्यामुळे प्राण्यांकडून बाहेर पडायची वाट एकच ठेवा आणि ती नळांवरूनच जाऊ द्या. वडापावची टपरी नळांच्या पलीकडे. सॅनिटायझरची बाटली ठेवून भागत नाही, माती-शेण लागलेल्या हाताला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. ४० मुलांची तुकडी, चार तोट्या, प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं तर पाच मिनिटं जातात. दोनच तोट्या असतील तर दहा, आणि दहा मिनिटं रांगेत उभं राहणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही, ते थेट डब्याकडे पळतं. निम्म्या तोट्या गुडघ्याच्या उंचीवर बसवा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात सरपटणारा प्राणी द्यायचाच नाही, आईवडील कितीही म्हणाले तरी.

किती माणसं घ्यायची, याचा हिशेब पार्किंगवरून करू नका, जनावरावरून करा. आमचं गणित असं. बारा गिनी पिग, सहा-सहाच्या दोन तुकड्या. एक तुकडी वीस मिनिटं बाहेर, मग चाळीस मिनिटं आत, जिथे कुणाचा हात पोचत नाही अशा खोक्यात. एका जनावरामागे दोन मुलं. म्हणजे तासाला २४ मुलं, आणि दिवसाचे चार तास धरले तर ९६. दोन बस आल्या की आमचा दिवस संपला. दिवाळीनंतर सहलींचा हंगाम लागतो आणि शाळांचे फोन येतात, "तीन बस आहेत, जमवून घ्या ना." नाही म्हणायची तयारी नसेल तर हा धंदा काढू नये. खोक्यात शिरलेलं जनावर कुणासाठीही ओढून बाहेर काढायचं नाही, हा नियम आमच्याकडच्या मावशी माझ्यापेक्षा कडक पाळतात. मूल जमिनीवर बसलेलं, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर प्राणी. उभ्या मुलाच्या हातात दिलेला ससा एकदा तरी पडतोच, आणि सशाचा कणा नाजूक असतो.

मकावबद्दल एवढंच सांगतो की तो खांद्यावर बसवू नका. मनगटावर चामडी पट्टा बांधून त्यावर बसवा. त्याची चोच कानातल्या डुलाकडे आणि मंगळसूत्राकडे पहिली जाते. बॉल पायथनला खाऊ घातल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, आणि रात्री पारा उतरतो त्या दिवसांत वीज गेली तर त्याच्या पेटीतली ऊब कशावर चालणार, हे आत्ताच ठरवा. शुगर ग्लायडर हा झेपावत तरंगणारा छोटा प्राणी निशाचर आहे. दुपारी बाराला त्याला झोपेतून उठवून फोटोसाठी हातात देणं मला पटत नाही, आम्ही ठेवलेला नाही. इमू फक्त कुंपणापलीकडून. त्याची लाथ पुढे बसते, आणि किल्ली, बटण, चमकणारं काहीही तो गिळतो.

शेड बांधताना उन्हापेक्षा पावसाचा विचार जास्त करा. आमच्याकडे जूनपासून चार महिने ओल हटत नाही, सशांना खरूज तेव्हाच होते, म्हणून जमिनीपासून दोन फूट वर जाळीचा माळा आणि अर्ध्या भागात फळी, पायांना जखमा होऊ नयेत म्हणून. विदर्भात उलटं, ससा तिथल्या मे महिन्यात ओल्या गोणपाटाशिवाय टिकणार नाही. कोंबडीची जाळी मुंगसाला आणि रानमांजराला अडवत नाही, बारीक चौकोनी वेल्डमेश घ्या आणि ती फूटभर जमिनीत गाडा. नवा प्राणी ३० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या बादलीवर. पक्ष्यांजवळ गावातल्या कोंबड्या फिरकू देऊ नका. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं, ते पोल्ट्रीवाल्यांना विचारा. मेलेल्या प्राण्यासाठी खोल खड्डा आणि चुन्याची गोणी आधीच हवी.

सार्वजनिक दायित्वाचा विमा काढा, आणि त्यात 'प्राण्यामुळे झालेली इजा' हे शब्द आहेत का ते स्वतः वाचा. चाव्याची नोंदवही ठेवा. ओरखडा असला तरी साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं.

आणि बंद पडलं तर? हे कुणी लिहीत नाही. २०१२ मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईची इमू कंपनी बुडाली, आपल्याकडेही अनेकांनी कर्ज काढून शेड घातल्या होत्या, आणि दोन पायांवर उभं असलेलं ते कर्ज पुढे कुणी विकत घेईना. सल्काटा कासव चाळीस किलोच्या वर जातं आणि सत्तर वर्षं जगू शकतं. मकावही पन्नाशी गाठतो. तुमच्यानंतर तो कुणाकडे जाणार, त्या माणसाचं नाव लिहा आणि त्याला विचारून लिहा. नदीत, तळ्यात, जंगलात सोडणं हा पर्याय यादीत नाही. लाल कानाची परदेशी कासवं तशीच आपल्या तळ्यांत पोचली. सहा महिन्यांचं खाद्य आणि औषध भागेल एवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, पहिल्या पावसाळ्यात गिऱ्हाईक शून्य असतं तेव्हा त्यालाच हात घालावा लागतो.

एवढं झालं की प्राणी. सहा गिनी पिग, सगळ्या माद्या, नाहीतर दिवाळीपर्यंत चाळीस होतील. चार ससे, दोन कॉकटेलच्या जोड्या. शेजारपाजारची मुलं बोलावून दोन महिने फुकट चालवा, कोणतं जनावर कधी कंटाळतं ते वहीत लिहा. मकावचा नंबर दुसऱ्या वर्षी, नोंदणीचा कागद हातात आल्यावर.