पदवीचे शेवटचे वर्ष: निकालाआधीची आणि निकालानंतरची तयारी

बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या अंतिम वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पुढे काय?’ हा प्रश्न घरातून आणि नात्यागोत्यातून साधारणपणे निकालाच्या दिवशी विचारला जातो. मात्र तोपर्यंत पुढच्या अनेक वाटांचे अर्ज बंद होऊन बरेच महिने झालेले असतात. म्हणून तयारीची ही यादी अंतिम वर्षाच्या पावसाळ्यापासून धरावी. आयआयएममधील एम.बी.ए.साठीच्या कॅट परीक्षेची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते आणि परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस असते. आयआयटीमध्ये एम.एस्सी. करायचे असल्यास जॅमचा अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात भरावा लागतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. केंद्रीय विद्यापीठांसाठीच्या सीयूईटी-पीजीचा अर्ज हिवाळ्यात निघतो, आणि राज्याच्या सीईटी कक्षाकडून घेतल्या जाणाऱ्या एम.बी.ए., एम.सी.ए., तीन वर्षांची एलएल.बी. व बी.एड. या परीक्षांचे अर्जही बहुधा निकालाच्या कितीतरी आधी भरून घेतले जातात. या परीक्षांना अंतिम वर्षाचा विद्यार्थी बसू शकतो, त्यामुळे निर्णय पक्का झाला नसला तरी दोन अर्ज भरून ठेवावेत. अर्जाचे शुल्क वाया गेले तरी ते वाया गेलेल्या वर्षाहून स्वस्तच पडते. भरण्यापूर्वी पात्रतेचे गुण पाहावेत. महाराष्ट्रात एम.बी.ए.साठी पदवीला खुल्या प्रवर्गात 50 टक्के व राखीव प्रवर्गात 45 टक्के, तर एलएल.बी.साठी खुल्या प्रवर्गात 45, इतर मागासवर्गात 42 व अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात, आणि काठावरच्या विद्यार्थ्याला हे आधी माहीत असणे आवश्यक आहे.

नवीन शैक्षणिक धोरणानुसार प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या यादीत आणखी एक बाब आहे. तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते, किंवा चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी घेता येते व त्यानंतरचे पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात संपवता येते. चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय हवा असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुणांची अट आहे. आपल्या महाविद्यालयात चौथे वर्ष प्रत्यक्ष सुरू होणार आहे का, कोणत्या विषयात आणि किती जागांसह, हे प्राचार्यांच्या कार्यालयात विचारून घ्यावे, कारण धोरणातली सोय प्रत्येक तालुक्याच्या गावी उपलब्ध असेलच असे नाही.

यानंतरचा भाग कागदपत्रांचा आहे आणि सर्वाधिक वेळ तोच खातो. कागदांची मांडणी महत्त्वानुसार करण्याऐवजी मिळायला लागणाऱ्या वेळेनुसार करावी. या क्रमात राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी जात वैधता प्रमाणपत्र सर्वांत वर येते. विज्ञान शाखेतून अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयच्या प्रवेशासाठी धावलेल्या मुलांनी ते बारावीतच काढलेले असते; कला आणि वाणिज्य शाखेतील मुलांचे मात्र ते अनेकदा राहून गेलेले असते आणि एलएल.बी. किंवा एम.बी.ए.च्या प्रवेशाच्या वेळी एकदम आठवते. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करताना वडील, आजोबा, काका, आत्या अशा वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने पुरावे लागतात, आणि ते ठरावीक तारखेपूर्वीचे असावे लागतात: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. आजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, तहसील कार्यालयातली जुनी जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद हे सारे गावी जाऊन शोधावे लागते. हे काम दिवाळीच्या सुट्टीतच उरकून घ्यावे. कुटुंबातील रक्ताच्या नात्यातल्या कोणाकडे आधीच वैधता असेल तर त्याची प्रत जोडावी, त्याने काम बरेच हलके होते.

नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून काढता येते. येथे मुदतीकडे लक्ष द्यावे: प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षाचा आहे ते वर्ष संपतानाच्या 31 मार्चपर्यंत नॉन-क्रिमिलेअर वैध असावे लागते. शिवाय राज्याच्या नमुन्यातले इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या भरतीत चालत नाही. यूपीएससी, कर्मचारी निवड आयोग किंवा राष्ट्रीयीकृत बँकांच्या परीक्षेसाठी केंद्राच्या नमुन्यातले वेगळे प्रमाणपत्र काढावे लागते. मराठा समाजातील विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे की राज्याचे एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचे, प्रमाणपत्रही केंद्राकडे लागू होत नाही.

नावाची तपासणी वेगळी करावी. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे, वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव छापलेले असते, आधारवर क्रम निराळा असतो, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर दहावीच्या प्रमाणपत्रापासूनच इकडचे तिकडे झालेले असते. दहावीचे प्रमाणपत्र, पदवीची गुणपत्रिका, आधार आणि पॅन समोर ठेवून नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळवून पाहावी. चूक विद्यापीठाच्या कागदात असेल तर पदवी प्रमाणपत्र छापले जाण्याआधीच दुरुस्तीचा अर्ज द्यावा, नंतर तीच दुरुस्ती फार लांबते. लग्नानंतर नाव बदलण्याचा विचार असलेल्या मुलींनी शासकीय राजपत्रातील नोंद आणि पुढच्या परीक्षांचे अर्ज यांचा क्रम आधी ठरवून घ्यावा. अर्ज एका नावाने आणि मुलाखत दुसऱ्या नावाने, असे झाले की प्रत्येक टेबलावर खुलासा करावा लागतो.

निकाल लागल्यावर पहिले काही दिवस गुणांसाठी राखावेत. एखाद्या विषयात अनपेक्षित गुण आले असतील तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची मुदत थोडी असते. त्यानंतर महाविद्यालयातून शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखाच तेथला दाखला, म्हणजे टी.सी., घ्यावा आणि मूळ प्रत कुठेही जमा करण्यापूर्वी तिच्या पुरेशा झेरॉक्स व स्कॅन ठेवाव्यात. विद्यापीठ बदलत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र लागते. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर, म्हणजे निकालानंतर काही महिन्यांनी मिळते, तोवर तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावर काम चालवावे. निकाल श्रेणीत असेल तर टक्केवारीच्या रूपांतराचे विद्यापीठाचे पत्रही त्याच खेपेत मागावे, कारण बहुतेक भरतींचे अर्ज अजूनही टक्केच विचारतात.

परदेशी जाणाऱ्यांसाठी यादी वाढते. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा, सीलबंद पाकिटात मागवावी लागते आणि तिला वेळ लागतो. जर्मनीसाठी 2022 च्या नोव्हेंबरपासून एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, प्रमाणपत्र अनिवार्य आहे, म्हणून विद्यापीठे निवडण्याच्या आधी त्याचा अर्ज करावा. अमेरिकेतील काही विद्यापीठे तीन वर्षांची पदवी पुरेशी मानत नाहीत, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे. आयईएल्टीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षे व जीआरई या प्रवेश परीक्षेचे पाच वर्षे चालतात. शैक्षणिक कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करता येतो. साडेसात लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे तारण मागितले जात नाही.

स्पर्धा परीक्षांकडे वळणाऱ्यांच्या यादीतली सर्वांत महत्त्वाची बाब कोणत्याही कागदात मिळत नाही: थांबण्याची तारीख. यूपीएससीसाठी खुल्या प्रवर्गात 32 वर्षे वय आणि सहा प्रयत्न ही मर्यादा आहे, आणि पूर्वपरीक्षेचा एक पेपर दिला तरी प्रयत्न मोजला जातो. राज्यसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. ही सैल मर्यादा दिलासा देते खरी, पण माझ्या मते तीच अधिक धोक्याची आहे, कारण एकविसाव्या वर्षी अडतीस इतके दूर दिसते की पुण्यात सदाशिव पेठेतल्या किंवा शास्त्री रोडवरच्या अभ्यासिकेत वर्षामागून वर्ष निघून जाते आणि बाहेरून कोणी थांबवत नाही. म्हणून किती प्रयत्न करायचे, दरमहा खोली, मेस आणि अभ्यासिकेचा खर्च कोण आणि किती काळ उचलणार, हे घरच्यांसमोर बसून कागदावर लिहावे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा जुन्या वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या पुस्तकांवर पैसे घालू नयेत. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (इतर मागासवर्ग, विमुक्त व भटक्या जमाती) या राज्याच्या संस्था आपापल्या प्रवर्गासाठी प्रशिक्षण व विद्यावेतनाच्या योजना राबवतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. तयारी करतानाच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षणाला नाव घालता येते. त्यामुळे तयारी सोडण्याची वेळ आली तर मधली वर्षे रिकामी दिसत नाहीत.

लगेच नोकरी हवी असेल तर शिकाऊ उमेदवारीची राष्ट्रीय योजना, म्हणजे नॅट्स, पाहावी. ती पदवीधरांसाठी आहे आणि किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार देते. राज्याच्या 2024 मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन ठरवले गेले होते; अशा योजनांतून कायम नोकरीची हमी मिळत नाही, अनुभवाचे प्रमाणपत्र मिळते, हे समजून जावे. कोणी नोकरीसाठी अनामत रक्कम मागितली किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची अट घातली तर तेथून उठावे. वाणिज्य पदवीधरांना 55 टक्के व इतर शाखांच्या पदवीधरांना 60 टक्के असल्यास सी.ए.च्या प्राथमिक परीक्षेशिवाय थेट इंटरमीडिएटला नोंदणी करता येते, ही वाट अनेकांना उशिरा कळते.

एक काम तीन वर्षांनी करायचे आहे. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्यांना विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मतदान करता येते. महाराष्ट्रात असे सात मतदारसंघ आहेत. त्यांची मतदार यादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने तयार होते, विधानसभेच्या यादीतले नाव तिच्यात आपोआप येत नाही, त्यामुळे नमुना 18 मधील अर्ज पदवीच्या साक्षांकित प्रतीसह त्या वेळी पुन्हा भरावा.